चहाची कपबशी

माझी मुलगी दहा महिन्यांची असताना हगवणीने गेली. आम्ही पनवेलला बिऱ्हाड करून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डॉक्टर जाताना म्हणाले, "यापुढे पाणी उकळून घेत जा. अन्नावर माशी बसू देऊ नका." यापुढे. तो एक शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

नवरा एसटीत कंडक्टर होता. महाडची मुक्कामी गाडी असली की दोन-दोन दिवस बाहेर. घरी असला तरी मुलीचा विषय काढत नसे. मग मी स्वयंपाकघर धरून बसले. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, खळखळ उकळायचं, झाकून ठेवायचं. राखेने घासलेली भांडी पुन्हा कढत पाण्यातून काढायची. फरशी धुण्याच्या सोड्याने घासायची. हाताची सालपटं निघत, तरी मी थांबत नसे. शेजारणी आधी मुलांना घेऊन येत. पण मुलांनी डब्याला हात लावला की मी ओरडायची. त्यांचं येणं हळूहळू थांबलं.

येत राहिली ती एक भाजीवाली. माझ्या आईच्या वयाची, खाडीकडच्या गावातली. "बाय, माठाची जुडी हाय, मुल्याची हाय, घे," म्हणत पाटी उतरवायची. मी तिला चहा द्यायची. दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते तेवढंच.

एकदा तिने चहा संपवला आणि ती दारातून जायच्या आतच मी तिची कपबशी उचलून चुलीवरच्या उकळत्या पाण्यात सोडली. तिने पाहिलं.

"आमी येवढी घान हाय का गं?"

"नाही हो मावशी, मी सगळ्यांचीच टाकते."

"सगल्यांची म्हंजे कोनाची? हितं येतंय कोन?"

एरवी पाटी डोक्यावर चढवायला मी हात द्यायची, त्या दिवशी तिची तिनेच उचलली. त्यानंतर तिची हाक मागच्या आळीत ऐकू यायची, आमच्या दारात नाही.

तीन आठवडे मी वाट पाहिली. मग एक दिवस विचारत विचारत तिच्या गावी गेले. तिचं घर सारवलेलं, भांडी ओळीने लावलेली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो घेतला, पण ओठांपर्यंत नेववेना. ती बघत होती. आता ही मला घालवून देणार असं वाटलं, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. मुलगी, तिचं सुकत गेलेलं तोंड, डॉक्टरांचं ते 'यापुढे'. तोपर्यंत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने माझ्या हातातून तांब्या घेतला, पाणी टोपात ओतलं आणि चूल फुंकली.

"आदी सांगाचं ना बाय," ती म्हणाली.

पाणी उकळून निवेपर्यंत आम्ही ओटीवर बसलो. तिने मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. पाण्याला धुराचा वास येत होता. मी तांब्याभर प्यायले.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा पुन्हा येऊ लागली. बाकीचे दिवस होते तसेच राहिले. तिच्या घरी काय झालं ते नवऱ्याला सांगायचं मी ठरवलं होतं. मी तिच्याकडे जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो महाडहून आला, जेवला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी त्याचं ताट घासायला घेतलं.