होडी पाण्यात असताना

नागावजवळच्या आमच्या कोळीवाड्याला लागून मुंबईच्या एका शेटचा बंगला होता. शेटचा मुंबईत पोलादाचा कारखाना. पोलाद तिथे बनत नसे. सरकारी परमिटावर पट्ट्या यायच्या, त्या तेजाबात धुवायच्या, लाटून पातळ करायच्या आणि पिंपं-बादल्या करणाऱ्यांना विकायच्या, एवढाच धंदा. मी तेजाबाच्या टाकीवर होतो. हात भाजून घेण्याचा पगार मिळायचा, आणि वाड्यात मला साहेब म्हणायचे.

सुटीला शेट रेवसच्या लाँचने यायचे. संध्याकाळी ओटीवर आमच्या माणसांना बसवून कारखान्याचा आढावा द्यायचे. नवं यंत्र येतंय, मागणी पुरी करता करता नाकी नऊ येताहेत, सरकारला आपल्याशिवाय आहे कोण! बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला आपला खिसा रिकामा असल्याची लाज वाटावी. माझा बाप सगळ्यांत पुढे बसायचा. तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याच्या होडीच्या फळ्या किडल्या होत्या. नव्या होडीच्या सागवानासाठी त्याने आणि आईने पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले होते.

एका सकाळी आई बंगल्याच्या पायरीवर पापलेटं साफ करत होती. ओटीवर शेट हिशेब सांभाळणाऱ्या आपल्या मेहताजींशी गुजरातीत बोलत होते. दिल्लीहून खबर आलीय, माल काळ्या बाजारात विकल्याबद्दल आपलं परमिट बंद होणार. मेव्हण्याच्या नावावर ठेवलेले माझे सगळे शेअर आत्ताच काढून टाका. घेणार कोण, असं मेहताजींनी विचारलं. "हे कोळी घेतील," शेट म्हणाले. गुजराती गिऱ्हाइकांना मासे विकून विकून आईला ती भाषा चांगली कळायची. शेटच्या ते गावीही नव्हतं.

तिने घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. बाप हसला.

"होरी पान्यान हाय, आनि तांडेल आपला वाटा इकंल? येडी झालीस काय?"

आमच्यात होडीवर प्रत्येकाचा वाटा असतो. नारळी पुनवेला होडी पाण्यात लोटली की पावसाआधी वर ओढून शाकारेपर्यंत कुणी आपला वाटा मोडत नाही. तांडेल तर नाहीच. होडी सोडायची वेळ आली तरी तो सगळ्यांच्या मागून उतरतो. कारखाना चालू आहे म्हणजे होडी पाण्यात आहे, आणि शेट तिचे तांडेल. बापाच्या डोक्यात गोष्ट इतकी सरळ होती. आई भांडली, रडली, जेवली नाही. तरी सागवानाचे पैसे शेअरसाठी मेहताजींच्या हाती गेले. बापाने अंगठा उठवला आणि शेटनी त्याला चहा पाजला.

मग परमिट बंद झालं आणि कारखान्याला कुलूप लागलं. शेअर कुणी फुकटही घेईना. मी हात हलवत घरी आलो. शेटच्या बंगल्याला मात्र त्या वर्षी नवा रंग लागला. त्या रंगाचा मला आजही संताप येतो.

बाप जुन्याच होडीला डांबर फासून समुद्रावर जात राहिला. आता मीही त्याच्याबरोबर जायचो. एकदा वारा फिरला आणि तळाची फळी उसवली. पाणी भसाभस आत येऊ लागलं. शेजारची होडी जवळ आली, तसं बापाने मला ढकलून तिच्यावर चढवलं, मग बाकीच्यांना एकेक करून. त्याची पाळी येईपर्यंत होडी उरली नव्हती. आम्ही अंधार पडेपर्यंत हाका मारत तिथेच फिरत राहिलो.

शेट समाचाराला आले. आणलेल्या खुर्चीवर बसून, असा विश्वासू माणूस पुन्हा होणे नाही, वगैरे बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी गुजरातीत बोलली. तुमचं बोलणं मला कळतं, शेट. त्या दिवशी मी पायरीवर बसले होते, तेव्हाही कळत होतं.

शेटनी टोपी सारखी केली आणि ते चालते झाले. मी त्यांच्या मागे निघालो होतो. आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"जाव नको," ती म्हणाली. "तुजे बापाला मी सांगितला व्हता. त्याला माजा न्हाय, शेटचा भरवसा व्हता."