अडतीस हजार मैलांची मोटार

माझ्यासारखा पाजी माणूस तुमी बघितला नसंल, हे आधीच सांगून ठेवतो. मागनं कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं स्वतःला धुऊन घेतलं.

निजामाच्या राजवटीत मी नेकनूरजवळच्या एका बड्या जमीनदाराची मोटार हाकायचो. जुनी, अवजड मोटार, चढ आला की माझ्याआधी तिलाच घाम फुटायचा. तशात मालकाच्या चकलांब्याच्या सोयऱ्यानं दोन माणसांची, बिनटपाची, सुसाट पळणारी गाडी आणली. झालं! मालकाला अन्न गोड लागंना. "आपल्याला बी तसलीच पायजे. नवी न्हाई तर जुनी बघ, पण बघ," म्हणाले.

बीडात तसल्या दोन गाड्या इकायच्या होत्या. एक कापसाच्या शेटची, सहाच हजार मैल झालेली. दुसरी बदली झालेल्या एका सरकारी अंमलदाराची, तिच्या आकड्यात अडतीस हजार. मालकानं आकडे ऐकले आन् शेटच्या गाडीकडं निघाले. मी आडवा आलो. शेटची गाडी पाच वर्षं पत्र्याखाली उभी होती. रबर तडकलेलं, टाकीत गंज, गादीत उंदरीण व्यालेली. अंमलदाराची गाडी मात्र रोज पळालेली. इंजिन चालू करून वर पाण्यानं भरलेला पेला ठेवला, तर पाणी नुसतं थरथरलं, थेंब सांडला न्हाई.

"मालक, मैल बघू नका, हालत बघा," मी म्हणालो. "उभं ऱ्हाऊन आखडलेला बैल आपण घेतो का?" मालकाला पटलं.

ती हालत राखली होती तिच्या ड्रायव्हरनं. साठीचा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणायचे. अंमलदार त्याला संगं नेणार नव्हता. चाचानं मला बाजूला घेतलं. "बेटा, गाडी के साथ मेरे कू भी ले चलो. घर में बीवी बीमार है. इस उमर में मेरे कू नयी नौकरी कौन देता?"

"तुमच्याबिगर गाडी उचलतच न्हाई चाचा," मी बेधडक थाप मारली. बिचारा खूश झाला. दिवसभर त्यानं मला त्या गाडीची सगळी नस सांगितली. कुठला आवाज खोटा, कुठला खरा, सकाळी तिला कसं जागं करायचं, कुठला नट हातानंच आवळायचा. पोटच्या पोरीला सासरी धाडताना सांगावं तसं सांगत होता. मी सगळं गिळलं.

येताना मालक म्हणाले, "म्हातारा बी घ्यावा म्हणतो. हात बघ त्याचा."

एका घरी दोन ड्रायव्हर कशाला? तो आला की मी गेलो, परत नांगराच्या मागं. मी म्हणालो, "मालक, साठी उलटलीय. नजर गेलीय त्याची." खरं तर सुई ओवण्याइतकी नजर होती त्याची.

मालक हसले. "गाडीचे मैल बघू नका म्हणतोस, आन् माणसाचे मोजतोस व्हय बे?"

मी गडबडलो, पण जीभ माझी कधी दगा देत न्हाई. "मालक, बैल घेतला तर दावं घेतो का आपण? दावं इकणाराच ठेवून घेतो." आमच्याकडं तशी रीतच हाय, आन् मालक मुळात बैलातला माणूस. पुढं त्यांनी चाचाचं नाव काढलं न्हाई.

गाडी न्यायच्या दिवशी चाचा पत्र्याची पेटी घेऊन फाटकात उभा. नवा सदरा घातलेला. "सामान किधर रखूँ, बेटा?"

"जागा कुठंय चाचा? दोघांचीच गाडी. मागनं निरोप धाडतो." मी गाडी काढली. निरोप धाडायचा न्हाई हे तवाच ठरलं होतं. वाईट वाटलं का? न्हाई. लई हलकं वाटलं.

तीन महिने वाट बघून चाचा पायी नेकनूरच्या बाजाराला आला, तिथनं आमच्या वाड्याच्या फाटकापाशी. मी त्याला हुसकलं. "मालक तुमच्यावर भडकलेत, तोंड दाखवू नका." तरी दर बाजाराला यायचा. दूर लिंबाखाली उभा ऱ्हाऊन गाडीचा आवाज ऐकायचा आन् जायचा.

एकदा सुभेदारसाहेब बीडला यायचे होते. मालक नटूनथटून गाडीत बसले, आन् गाडी चालू होईना. आदल्या दिवशी पेट्रोल गाळायचं फडकं सापडंना म्हून आळसानं मी डोक्यावरच्या लाल पटक्याच्या शेवानंच गाळलं होतं. ते मला तवा आठवलं बी न्हाई. हँडल मारून मारून तळहात सोलले. मालक ओरडले, "धा मिनटं देतो. न्हाई चालली तर उद्यापासनं नांगर धर!"

तेवढ्यात लिंबाखालनं चाचा आला. कुणाला काही न इचारता त्यानं पेट्रोलची बारीक नळी सोडली, तोंडानं फुंकली, आतनं काहीतरी ओढून काढलं. लाल चिंधी होती. त्यानं चिंधीकडं बघितलं, माझ्या डोक्याकडं बघितलं, आन् मूठ मिटली. नळी परत जोडून झाली तशी माझ्या पहिल्याच हँडलला गाडी बोलली.

"काय झालतं?" मालकानं इचारलं.

"कुछ नहीं सरकार. गरमी से होता."

मालकाची नजर त्याच्यावर ठरली. ती नजर मला ठाऊक होती, बाजारात खोंड आवडला की अशीच ठरायची. मग मी बोललो. "मालक, ह्यानंच केलंय. दर बाजाराला इथं घुटमळतो. स्वतःच बिघडवायचं आन् स्वतःच दुरुस्त करायचं, म्हंजे तुमी ठेवून घ्याल!"

"कावून रे म्हाताऱ्या?" मालक खाली उतरले. "काय घातलंस गाडीत?" दोन थोबाडीत बसल्या. टोपी धुळीत पडली.

चाचाची उजवी मूठ मिटलेलीच. ती नुसती उघडली असती तर त्याला नोकरी होती आन् मला नांगर. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी काय होतं ते त्या सगळ्यांत त्यालाच ठाऊक होतं. "गलती हुई सरकार," तो म्हणाला. डाव्या हातानं टोपी उचलली आन् चालू लागला.

मालक गाडीत बसले. "पारख हाय बे तुला," म्हणाले.

"जी मालक," म्हणालो, आन् गाडी बीडच्या रस्त्याला लावली.