कोळशाच्या गॅसवर निघालेली नवरी

माझ्या होणाऱ्या सासूबाईंची एकच अट होती. हुंडा नको, मानपान नको, पण मुलगी ठाकूरद्वारच्या हॉलवर मोटारीतून उतरली पाहिजे. ठरवलेली टॅक्सी लग्नाच्या दिवशी आलीच नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद, पेट्रोलपंप बंद. लालबागच्या आमच्या चाळीत रडारड सुरू झाली आणि माझे बाबा मात्र नाचायचेच काय ते बाकी राहिले.

कारण त्यांची ती मोटार! महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या होत्या. त्यातली एक त्यांनी शिवडीच्या भंगारातून आणली होती. मागे पिंपाएवढी भट्टी. सगळा जन्म गिरणीच्या बॉयलरपुढे गेलेला हा माणूस भेटेल त्याला ऐकवायचा, "पेट्रोलच्या धुराने छाती खराब होते. लाकडी कोळशाचा गॅस कसा स्वच्छ! वर मी तो काथ्यातून गाळून घेतो. आणि झाड तोडलं तर पुन्हा लावता येतं, पेट्रोल लावून दाखवा बघू!"

अर्धा तास भट्टी फुंकल्यावर मोटार एकदाची धडधडली. मी लग्नाची अष्टपुत्री सावरत आत बसले. तेवढ्यात माझ्याबरोबर निघालेल्या आत्याला दृष्ट काढायची आठवण झाली. चाकांवर पाणी घालायचं सोडून बाईने अख्खा तांब्या उघड्या भट्टीत ओतला. वर मलाच म्हणते, "गाडयेचो जीव थयच आसा ना गो? मगे दिष्ट थयच लागतली!"

भायखळ्याला मोटार खोकली आणि बसली. मागून असा पांढरा धूर सुटला की समोरून येणाऱ्या मोर्च्याला वाटलं, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. सगळ्यांनी ओले रुमाल डोळ्यांना लावले. बाबा हात जोडून सांगतायत, "अहो, हा स्वच्छ धूर आहे!" मग त्यांनी भट्टीत तोंड घालून फुंकर मारली. तो स्वच्छ गॅस त्यांच्याच डोक्यात गेला आणि ते फुटपाथवर मटकन खाली बसले. मला रडूच कोसळलं.

मोर्चेकऱ्यांनी बाबांना उचलून स्टिअरिंगवर बसवलं, कारण त्या मोटारीचा ब्रेक दुसऱ्या कुणाला लागतच नसे. मग मोटार ढकलायला लागले. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" चालू असताना कुणीतरी मेल्याने मध्येच आरोळी ठोकली, "लग्न झालंच पाहिजे!" गिरगावात ते सभेकडे वळले. शेवटच्या गल्लीत उरलो आम्ही तिघं, आणि मुहूर्ताला पाच मिनिटं. मी उतरले, पदर खोचला आणि आत्याबरोबर ढकलायला लागले.

"बाय, आत बस गो! सासूबाई बघतील!" बाबा ओरडत होते.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मोटारीत बाप, मागे नवरी, हात कोपरापर्यंत काळे. मोडलं लग्न, मी म्हटलं. त्या पुढे आल्या आणि आपल्या पदराने माझे हात पुसायला लागल्या. "राहू दे गं ती मोटार. मुहूर्त टळेल, चल."

बाबा मात्र उतरेनात. स्टिअरिंग धरून लहान मुलासारखे रडत होते. "तुला बसवून आणायचं होतं गो, बाय."

माझाही बांध फुटला, पण राग त्याहून मोठा.

"उतरा खाली! कन्यादान काय मोटार करणार आहे?"