मोठ्या पंखांचं विमान

माझा मित्र वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये चष्म्याच्या दुकानात होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." बिनकाचांची फ्रेम नाकावर तशीच ठेवून मी ऑटोत बसलो. दुकानदार "अंकलजी, फ्रेम" करत चौकापर्यंत धावला. वसंता असता तर पोट धरून हसला असता.

रांझीच्या कारखान्यात त्यानं आयुष्यभर लेथ चालवली. निवृत्तीनंतर तो रिमोटवर उडणारी थर्माकोलची विमानं करायला लागला आणि मी त्याचा मदतनीस, म्हणजे चहा पिणारा. सोनाराच्या तराजूवर तो गोंदाचा थेंबसुद्धा तोलायचा. पहिलं विमान बारक्या पंखांचं होतं. उडवायच्या आदल्या दिवशी तोलूनमापून माझ्याकडे अधारतालला ठेवलं, आणि मी ते कपाटावरून पाडलं. पोट तडकलं. घरात पाण्याच्या टाकीची गळती बुजवायची पुट्टी होती. ती सढळ हातानं भरली, वर पांढरी टेप लावली. दिसायला झकास.

मैदानात विमान धावत राहिलं, जमीन काही सोडेना, आणि शेवटी भिंतीवर आदळलं. नाकाचा चुरा झाला, पोटाला ओरखडा नाही. माझं काम पक्कं होतं.

"पंखांच्या मानानं वजन जास्त झालं बे," वसंता म्हणाला. "वितीवितीवर भार वाढला का उचलायला वेग जास्त लागते. तेवढा वेग घ्यायला मैदान लांब पाहिजे. माझाच हिशेब चुकला."

"होते असं कधी कधी," मी म्हणालो, आणि सगळे तुकडे घाईघाईनं कचऱ्यात टाकले.

लेथवर केसाइतकी चूक न केलेला माणूस तीन महिने तीच आकडेमोड तपासत बसला. दर रविवारी मी पुट्टीचं सांगायचं ठरवून जायचो, पोहे खाऊन परत यायचो. तोवर त्यानं नवं विमान केलं, चांगल्या रुंद पंखांचं. "हे लवकर उचलंन," तो म्हणाला, "पण वारा याला छळंन. भार कमी ना, साध्या झुळुकीनंही डोलते."

ते उडवायचं राहून गेलं... तेराव्यानंतर वहिनींनी ते माझ्या हातात दिलं. "तुम्हीच तर सोबत होते ना त्यांच्या."

आता ते माझ्या खोलीत छताला टांगलंय. पंखा एक नंबरवर ठेवला तरी थरथरतं, आणि मला बसवत नाही. म्हणून जबलपूरच्या मे महिन्यात मी पंखा बंद करून बसतो.

"काहून घामाघूम होऊन राहिले?" बायको दारातून विचारते, पदरानं वारा घेत आत येते... आणि ते पुन्हा डोलायला लागतं.