इंदूताईंची सोबत

न आवडलेलं पुस्तक इंदूताई वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळीची गाठ मारून परत करीत. खाडीकाठच्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या टेबलावर ती पुडी सुक्या बोंबलांसारखी येऊन पडे. "बाजूच्या पुस्तकांना वास लागेल," एवढंच त्या म्हणत आणि पंख्याखालच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसत.

निवृत्त होईपर्यंत त्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. हातात अजून किल्ल्यांचा जुडगा आहे अशा चालत, थांबत, दाराकडे एकदा पाहून मग बसत. अंगाला शिकेकाईचा आणि कापराचा मंद वास. त्यांची वाचण्याची रीतही वसतिगृहातलीच होती. "मी आधी पात्रांची हजेरी घेते," त्या म्हणत. "जो गैरहजर असतो ना, खरी गोष्ट त्याची असते."

शनिवारी दुपारी आम्ही सहा-सात बायका वाचनालयात जमत असू. गाजलेल्या पुस्तकाची प्रत एकच, म्हणून मी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता मोड आलेले वाल सोलायचे, असा आमचा रिवाज. कोमट पाण्यातून वाल काढून चिमटीत दाबला की हिरवट पांढरी डाळ ताटलीत टपकन पडते. गोष्ट रंगली की तो टपटप आवाज मंदावे. कंटाळवाणी झाली की भरभर वाढे. इतका प्रामाणिक अभिप्राय मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

त्या वर्षी एक लघुकादंबरी सगळ्यांच्या तोंडी होती. प्राध्यापक आणि त्याची विद्यार्थिनी. तिची तरल वेदना, त्याचं मूक आकर्षण, शेवटी लग्न. आमच्या फोनवरच्या गटात तिच्यावर बदामांचा नुसता पाऊस पडत होता. 'अप्रतिम', 'डोळे पाणावले', 'प्रेमाला वय नसतं'. प्रत आणली होती ऋतुजाने, आमच्यातल्या सुलभावहिनींच्या शेजारच्या मुलीने. ती एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि आमच्यात सर्वांत लहान.

मी वाचू लागले. कवितेवर वाढलेल्या माझ्या कानाला पहिल्याच पानावर खटकू लागलं. प्रत्येक वाक्य स्वस्त अत्तरात बुडवलेलं. मुलीची मान 'देठासारखी', पावलं 'पाकळ्यांसारखी', आणि तिला स्वतःला बोलायला जागाच नाही. सर तिच्या वहीवर झुकतात, तेव्हा लेखक त्यांच्या श्वासाचं वर्णन अर्धं पान करतो.

"शी," सुलभावहिनी म्हणाल्या, आणि लगेच, "पण वाच गो पुढे."

शेजारच्या घरातून फक्त ऐकायला येणाऱ्या रतनबायने हात थांबवला. "पन्नाशीचा बाप्या ना त्यो? मंग त्याला बायको न्हाय व्हय?"

"पहिल्याच प्रकरणात वारली," मी म्हटलं.

"बरी सोय केली लिवनाऱ्यानं."

सगळ्या हसल्या. इंदूताई हसल्या नाहीत. पुस्तक संपलं तेव्हा त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "हिचे पेपर कोण तपासतं?"

मी पानं चाळली. कुठेच नव्हतं. परीक्षा नव्हती, निकाल नव्हता, शेजारच्या बाकावरची एखादी मैत्रीणही नव्हती.

"तेच गैरहजर आहेत बघ," त्या म्हणाल्या. "गुण देणारा हात आणि गालावरून फिरणारा हात एकच, आणि याला म्हणे प्रेम म्हणायचं. नासलेलं दूध केशर घालून वाढलंय." त्यांच्या ओठांचे कोपरे असे ओढले गेले होते, जणू खरोखरच काही जिभेवर आलं होतं.

"सरांना तसं वाटत नाही," ऋतुजा हळूच म्हणाली. "आमच्या सरांना. त्यांनीच मला वाचायला दिलं."

वालांचा आवाज बंद पडला. सर म्हणजे तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक, हे आम्हां सर्वांना ठाऊक होतं. सुलभावहिनींनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "मग काय, लाडू कधी?" पोरीचे कान लाल झाले, पण ती लाजली की घाबरली, ते मला कळेना.

इंदूताईंच्या चेहऱ्यावरची किळस मात्र कुणी फडक्याने पुसावी तशी नाहीशी झाली. त्यांनी अगदी सहज विचारलं, "मग प्रबंध कुठवर आलाय?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय. रविवारी सर बोलणार आहेत त्यावर. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जायचंय. सर म्हणतात, समुद्र पाहत बोललं की सुचतं."

मला वाटलं, आता बाई तिला फैलावर घेतील. त्या म्हणाल्या, "जा की. मीही येते. कित्येक दिवसांत बोटीत बसले नाही." मग माझ्याकडे वळून, "तुला रविवारी काय काम आहे?"

घरी परतताना वाटेत मी त्यांना विचारलं, "तिला सरळ नको जाऊ म्हणून का नाही सांगितलंत?"

"बंदी घातली की पोर खिडकीतून जाते," त्या म्हणाल्या. "सोबत दिली की समोरचा दारातून परत जातो. सगळी नोकरी मी एवढंच केलं बघ."

रविवारी सकाळी धक्क्यावर डिझेलचा, शेवाळाचा आणि वाळत घातलेल्या जवळ्याचा वास दाटला होता. ऋतुजा नवीन पंजाबी ड्रेसमध्ये कठड्याशी उभी, आमच्यावर रागावलेली. सर आले, इस्त्रीचा झब्बा, खांद्याला शबनम. इंदूताई छत्री टेकत पुढे झाल्या.

"नमस्कार सर. मी मुलीच्या सोबतीला. तुम्ही बोला प्रकरणावर, मी ऐकेन. मला कळलं नाही तर पुन्हा विचारेन."

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. विद्यापीठातून अचानक फोन आला आहे, असं काहीसं ते म्हणाले. मग गाडीकडे चालू लागले, आधी सावकाश, नंतर भराभर.

बोट लागली. तिकिटं काढलेली होती, म्हणून आम्ही तिघी पलीकडे जाऊन आलो. ऋतुजा परतेपर्यंत आमच्याकडे पाठ करून बसली. त्यानंतर प्रबंधाच्या कामासाठी ती कॉलेजात जाई तेव्हा इंदूताई एसटीने तिच्याबरोबर जात. सरांच्या खोलीत उघड्या दाराशी खुर्ची ओढून बसत. आलेल्या चहाला हात लावीत नसत. पोर त्यांच्याशी फटकून वागे. निकाल लागल्यावर तिने आम्हां सगळ्यांना पेढे दिले, त्यांना दिले नाहीत. "धरू दे राग," त्या म्हणाल्या. "पदवी तिच्या स्वतःच्या नावावर आहे ना?"

गेल्या भाद्रपदात इंदूताई गेल्या. ऋतुजा आता पालीकडे एका शाळेत शिकवते. ती तेराव्याला आली, अंगणात माझ्याशेजारी येऊन बसली. मीच म्हटलं, "त्या असत्या तर आज तुला पाहून त्यांना बरं वाटलं असतं."

"मला त्या कधीच आवडल्या नाहीत," ती म्हणाली. "त्या दिवशी सर नुसते 'चल' म्हणाले असते ना, तरी मी तुम्हां दोघींना धक्क्यावर सोडून त्यांच्याबरोबर गेले असते."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं:

"सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."