सेशन संपल्यावर

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाईट खोड लागते. चारचौघांत तो मराठीतून वाटेल ते बोलतो. मेट्रोत शेजारी बसलेल्याचं पोट, भाजीवाल्याचा लबाडपणा, साहेबांच्या बायकोची साडी, सगळं त्यांच्यासमोरच. कोणाला कळतंय, हा भरवसा. मला ही खोड तीस वर्षं होती. ती कशी सुटली हे सांगायची लाज वाटते.

तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. खालच्या मजल्यावर विदर्भातलं कुटुंब होतं. नवरा माझ्याच मंत्रालयात, माझ्यापेक्षा एक पायरी खाली. त्याची गुवाहाटीला बदली झाली, पण मुलाची दहावी होती म्हणून त्याने क्वार्टर ठेवून घेतलं. बायको आणि मुलगा इथेच राहिले. निघताना जिन्यात माझा हात धरून तो म्हणाला, "साहेब, पोराकडे लक्ष असू द्या जी. गणितात कच्चा आहे."

"बिल्कुल," मी म्हणालो. "रविवारी वर पाठवत जा त्याला."

चार रविवार मुलगा आला. फार हुशार नव्हता, पण चिवट होता. चुकलेलं गणित खोडायचा नाही, शेजारी पुन्हा मांडायचा. माझी बायको त्याला थालीपीठ द्यायची. पाचव्या रविवारी मला कंटाळा आला. खरं कारण एवढंच. पार्लमेंटचं सेशन सुरू झालं होतं, ऑफिसात काम होतंच, पण रविवारचा एक तास निघाला नसता असं मुळीच नाही. मी म्हणालो, "सेशन संपलं की बोलावतो तुला." तो "अच्छा, काका" म्हणाला आणि वही घेऊन खाली गेला. सेशन संपलं. मी बोलावलं नाही.

मार्केटच्या मागे सात-आठ पोरांचं टोळकं उभं असायचं. फुटपाथवर कपडे विकणाऱ्यांकडून हप्ता घ्यायचं, दुसऱ्या टोळक्याशी मारामाऱ्या करायच्या, हातात चाकू घेऊन काढलेले फोटो मोबाइलवर टाकायचे, असा त्यांचा उद्योग. त्यांच्या म्होरक्याला सगळे भैया म्हणत. काही महिन्यांनी आमचा खालचा मुलगा त्यांच्यात दिसू लागला. कॉलनीभर कुजबुज झाली, त्यात मीही होतो. त्याच्या आईला जाऊन विचारावं असं कोणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण नसती कटकट कशाला, म्हणून मी गप्प बसलो.

दिवाळीच्या आधी बायकोबरोबर मार्केटला गेलो होतो. मोमोच्या गाडीपाशी ती पोरं पाठमोरी उभी होती. मी नेहमीच्या मोठ्या आवाजात बायकोला म्हणालो, "तिकडे बघू नकोस. आपला तो खालचा असेल त्यांच्यात, ओळख दाखवली तर घरी येऊन बसेल. वाया गेलेलं कार्टं. बाप तिकडे मरमर मरतोय."

एका पोराने मान वळवली. केस रंगवलेले, म्हणून पाठीवरून ओळखलं नव्हतं. बाकीची हसत-खिदळत होती, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. ज्याला कळायला नको होतं, त्या एकट्यालाच सगळं कळलं होतं.

तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा चार लोकांत माझी कॉलर धरणार. त्याने बायकोच्या हातातली पिशवी घेतली. "जड आहे काकू, द्या." रिक्षापर्यंत आला, पिशवी आत ठेवली आणि खाली बघत विचारलं, "काका, सेशन संपलं का?"

"नाही रे," मी म्हणालो, "चालूच आहे अजून."

अजूनही ते आठवलं की माझे कान तापतात. वेळ मारून न्यायची सवय इतकी जुनी, की जीभ मला न विचारताच खोटं बोलली.

महिन्याभरात दोन टोळक्यांची मारामारी झाली. एका मुलाच्या पोटात चाकू गेला. तो वाचला. आमच्या खालच्या मुलाला बालसुधारगृहात पाठवलं. चाकू त्याचा नव्हता, पण तो तिथे होता.

आता मी रिटायर होऊन गाझियाबादला राहतो. सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी मुलांना गणित शिकवतो, वॉचमनची मुलंसुद्धा येतात. एखादा आला नाही तर त्याच्या घरी जातो. लोक कौतुक करतात, समाजसेवा म्हणतात. मी ते मुकाट्याने ऐकून घेतो, ही आणखी एक लाज.

तेव्हा, त्या मुलाला आत नेल्यावर, त्याचा बाप गुवाहाटीहून आला होता. मुलाला भेटून तो सरळ आमच्याकडे वर आला. बायकोने चहा दिला.

"मी विचारलं त्याला, का गेला रे त्यांच्यात," तो म्हणाला. "तर म्हणे, भैया रोज विचारत होता, खाना खाया क्या, स्कूल गया क्या. मी म्हटलं, अरे, वर काका होते ना, त्यांच्याकडे का नाही गेला? तर म्हणे, दिवाळीत पण काकांचं सेशन चालूच होतं."

तो माझ्याच मंत्रालयातला माणूस. सेशन कधी लागतं आणि कधी संपतं, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्याने चहा संपवला, कप स्वतः उचलून ओट्यावर ठेवला. "येतो, साहेब," म्हणाला आणि खाली गेला.