उंदराची गाठ, आईची गाठ

संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून घरी आले की आई पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारायची, "आज उंदराची गाठ किती झाली गं?"

गाठ तिच्याही छातीत होती. औषधाने ती लहान झाली तरच ऑपरेशन करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तीन वेळा औषध चढवून झालं, आईचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण गाठ काही हटायला तयार नव्हती. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. स्वतःचं सोडून ही बाई उंदराची चौकशी करते, याचा मला रागच यायचा.

माझं काम काय, हे तिला मीच सांगून बसले होते. सोन्याचे कण, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. ते गाठीत सोडायचे आणि वरून लेझरचा प्रकाश टाकायचा. कण प्रकाश शोषून तापतात, गाठ भाजून निघते, आजूबाजूचं अंग बऱ्यापैकी वाचतं.

"अगं बया! माज्या गळ्यात पितळंचे मणी, आन् उंदराच्या अंगात सोनं?" असं म्हणून ती खोकला येईपर्यंत हसली. मग गंभीर झाली. वीस वर्षं तिने रंगखात्यात सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या. "कळलं मला. एकाच दोरीवर, एकाच उन्हात काळी लड आदी वाळती, पांढरी मागनं. काळीला हात लावला की चटका बसतो. तू गाठ तेवढी काळी करतीस, व्हय की न्हाय?"

माझ्या सरांनासुद्धा इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

आणि एका उंदराची गाठ खरंच सुकली. खपली धरली, गळून पडली. त्या दिवशी आईने शिरा केला. तिला स्वतःला दोन घास गेले नाहीत, मला मात्र समोर बसून खायला लावला.

"मग आता त्याला सोडलं का?"

प्रयोग संपला की उंदराला मारून आतलं सगळं तपासावं लागतं. हे तिला कसं सांगू? मी म्हटलं, "सोडला."

"कुटं सोडलास? मांजरं लई हायत हितं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. ताटलीत उरलेला शिरा सारखा करत हळूच म्हणाली, "मग तेच मला लाव की."

"आई, आमचं अजून उंदरांवरच चाललंय. माणसावर नाही करता येत."

"उंदराला कुणी इचारलं हुतं? मी तर आपणहून म्हणती."

मी ओरडले. काय काय बोलले, आता आठवत नाही. हा काय खेळ वाटला का तुला, असं काहीतरी. गच्चीवर जाऊन रडले. माझ्या हातात होतं ते तिच्या कामाचं नव्हतं, आणि तिला हवं होतं ते माझ्या हातात नव्हतं. थोड्या वेळाने ती धापा टाकत जिना चढून आली, टाकीला टेकून उभी राहिली.

"बरं, न्हाय तर न्हाय. मग निदान मोज तरी माजी. उंदराची मोजतीस, तुज्या आईची का न्हाय?"

म्हणून मी प्रयोगशाळेत गाठ मोजायला वापरतो तसा, दोन जबड्यांत धरून आकडा दाखवणारा व्हर्निअर विकत आणला. दर रविवारी आंघोळीनंतर ती खिडकीपाशी बसायची, मी मोजायचे आणि माझ्या प्रयोगाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. मोजताना ती श्वास धरून बसायची, परीक्षेला बसल्यासारखी. आकडा तोच, किंवा थोडा जास्त. "असू दे, पुढच्या रविवारी बगू," असं तीच मला म्हणायची.

पाचव्या रविवारी मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर व्हर्निअर तिच्या हातात.

"आज मीच मोजली. हे बग, चार मिलिमीटरनं कमी झालीया! लिव्ह की."

मी वाकून पाहिलं. गाठीच्या दोन्ही बाजूंना कातडीवर लालभडक वळ उठले होते. तिने व्हर्निअरचे जबडे गाठीवर दाबले होते, असेल तेवढी ताकद लावून, आकडा खाली येईपर्यंत. डोळ्यांत पाणी आलेलं होतं आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.

"किती म्हणालीस?" मी विचारलं.

तिने आकडा सांगितला. मी तोच लिहिला, आणि तिच्या पोलक्याची बटणं लावली.